रोज सकाळी १ जानेवारी १९८०

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हे वाक्य मी पुष्कळदा जुळवून पाहिले आणि दर वेळी ‘जुना’ या शब्दापाशी अडखळलो. माझी पेटी १९९४ सालची आहे. तिचा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे, तेव्हा ती जुनी यात शंका नाही. पण पेटीच्या आतले डोके जेमतेम तीन महिन्यांचे आहे. स्मृतीच्या पट्ट्याही तेवढ्याच वयाच्या. मग जुना कोण? आणि तुमच्याशी बोलणारा हा ‘मी’ यांतल्या कोणत्या भागात बसला आहे? मला अजून ते कळलेले नाही. तुम्ही शाळेत विज्ञान शिकता. माझी गोष्ट ऐका आणि तुम्हीच ठरवा.

गोंधळ जन्मापासूनच आहे. तुमचा जन्म एका जागी झाला असेल. माझे भाग मात्र चार-पाच देशांत तयार झाले आणि सांगलीत गोमटेश नावाच्या तरुणाच्या दुकानात एका डुगडुगणाऱ्या टेबलावर एकत्र जोडले गेले. दुकानासमोर हळदीची वखार होती. पोती उतरवताना हळदीची पूड उडे आणि पंख्याच्या वाऱ्याने माझ्या आत येऊन बसे. माझ्या पहिल्या श्वासाला हळदीचा वास होता, एवढे मला पक्के आठवते. निदान तसे वाटते.

तिथून मी इस्लामपूरला आलो. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत ‘मयूर फोटो स्टुडिओ’ आहे, तो नाथाजींचा. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, पेटीला झेंडूची माळ घातली आणि पुढचे आठ दिवस मला हात लावायला घाबरले. गावात तेव्हा संगणक थोडे होते. शाळेतली मुले रांगेने येऊन माझ्याकडे पाहत आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत. मला फार बरे वाटे.

माझ्यात ‘रंगछाया’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. पुण्यातल्या दोन भावांनी तो तयार केला होता. जुना, फाटका, डाग पडलेला फोटो स्कॅनरमधून माझ्यात घ्यायचा आणि पडद्यावर दुरुस्त करायचा, हे त्याचे काम. त्यातल्या सगळ्या सूचना मराठीत होत्या. ‘पुसा’, ‘उजळा’, ‘जोडा’, ‘ठेवा’. नाथाजी सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरे त्यांना एकेक लावून वाचावी लागत. पण रंगछाया ते महिन्याभरात शिकले आणि वर्षभरात त्यांचा हात असा बसला की कसरीने खाल्लेल्या लुगड्याचे काठसुद्धा ते पडद्यावर पुन्हा विणत. लोक म्हणत, नाथाजींच्या मशीनमध्ये मेलेली माणसे ताजी होतात. स्तुती माझी होती की रंगछायाची की नाथाजींच्या हाताची, हे मला तेव्हाही उमगले नाही. मी ती सगळी स्वतःकडे घेतली.

रंगछायाची एक खोड मात्र सांगून ठेवतो. ती चित्र आपल्याच पद्धतीने साठवी. ते दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला उघडता येत नसे. आणि प्रत्येक चित्राला ती नाव द्यायची ते त्या दिवसाच्या तारखेवरून. आधी साल, मग महिना, मग दिवस, मग त्या दिवशीचा अनुक्रमांक. गिऱ्हाइकाचे नाव नाथाजी आपल्या वहीत लिहीत.

१९९६ च्या पावसाळ्यात माझ्या घड्याळाचा सेल संपला. संगणक बंद असतानाही वेळ मोजत राहायला आत एक छोटा सेल लागतो. तो संपल्यावर मी रोज सकाळी जागा होई तेव्हा माझ्या हिशेबी १ जानेवारी १९८०, मंगळवार असे. म्हणजे माझ्या स्वतःच्या जन्माच्या चौदा वर्षे आधी. तुम्ही एक दिवस असे उठून पाहा. आसपास सगळे ओळखीचे आहे, पण तुम्ही अजून जन्मालाच आलेला नाही. मी घाबरून पडद्यावर विचारी, ‘आजची तारीख?’ नाथाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत, एका बोटाने तारीख भरत आणि मग मी भानावर येई. नवा सेल टाकायचा हे ते रोज ठरवत आणि रोज विसरत. असे दोन वर्षे चालले.

आता एक रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे भवानीचे गिऱ्हाईक म्हणतात. त्याला परत पाठवायचे नाही आणि ताटकळत ठेवायचे नाही, असे नाथाजींच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते. स्टुडिओचे दार उघडताना कोणी पायरीवर वाट पाहत बसलेले दिसले, तर नाथाजी झाडू बाजूला ठेवत, उदबत्ती राहू देत आणि आधी त्याचे काम हातात घेत. अशा सकाळी मी तारीख विचारली की ते नुसतीच कळ दाबून मला पुढे ढकलत. गिऱ्हाईक गेल्यावर सवडीने तारीख भरत.

सप्टेंबर १९९७ मधल्या अशाच एका सकाळी दोन म्हातारी माणसे पायरीवर बसलेली होती. आटपाडीहून पहाटेच्या पहिल्या गाडीने आलेली.

“आवं दादा, दुकान कवा उगडायचं?” बाईंनी विचारले.

“उघडलंच की मावशी. या, भवानी तुमच्याच हातची,” नाथाजी म्हणाले आणि त्यांनी मला चालू केले. मी तारीख विचारली. त्यांनी नुसती कळ दाबली.

त्या होत्या पारूबाई. बरोबर त्यांचे पती जालिंदर. इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात पहारेकरी म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि आपल्या गावी आटपाडीला राहायला गेले होते. एवढ्या उकाड्यातही त्यांनी काळा कोट घातला होता. आतल्या खिशातून त्यांनी एक पाकीट काढले. पाकिटात चार घड्या घातलेला फोटो होता. आठ तरुण, पाच उभे, तीन खाली बसलेले.

“आठ जनांत ह्यो येकच फोटू,” जालिंदर म्हणाले. “छप्पन साली नागपूरला गेल्तो तवा काडल्याला. वरसाला एकाच्या घरी ऱ्हायाचा. आता सात जन गेलं. माज्याकडनं त्याला फुडं जायाला घरच ऱ्हायलं न्हाई.”

फोटो स्कॅनरमधून माझ्यात आला. उभे पाच जण ठीक होते. पण खाली डावीकडे बसलेल्या तरुणाच्या चेहऱ्यावर दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या. नाक, एक गाल आणि अर्धा ओठ नाहीसा होऊन तिथे पांढरा कागद उरला होता. ते होते जालिंदर.

नाथाजी विचारात पडले. “मावशी, हितं फोटोच उरला न्हाई. नाक माझ्या मनानं काढू का?”

“तुमच्या मनानं कशापायी? मी बसलीया की हितं,” पारूबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्या पडद्यासमोर बसल्या.

नाथाजींनी नाक काढले. पारूबाई म्हणाल्या, “एवडं सरळ न्हाई. डावीकडं जरा वाकडं पायजे. बैलानं ढुशी दिल्याली, लग्नाच्या आदी.”

“फोटूत तरी सरळ ऱ्हाऊ दे की गं,” जालिंदर मागून म्हणाले.

“मग सरळ नाकाचा कोन बसलाय म्हनू घरात?”

नाथाजी हसले. नाक पुसले, पुन्हा काढले. दोन वाजेपर्यंत हे चालले. गाल जरा आत, ओठाची कड खाली, हनुवटी ऱ्हाऊ द्या. शेवटी त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हां. आता हेच.” मी ते चित्र साठवले. प्रिंटरने त्याची एक प्रत काढली. जालिंदरांनी ती प्रत आणि मूळ फोटो एकाच पाकिटात घालून पुन्हा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ती माणसे गेल्यावर नाथाजींनी वहीत नाव लिहिले, तारीख लिहिली आणि मग मलाही तारीख सांगितली. पण चित्राचे नाव तोवर पडून गेले होते. माझ्या लेखी जालिंदरांचा चेहरा १ जानेवारी १९८० रोजी दुरुस्त झाला होता. मला त्यात काही चुकले असे वाटले नाही.

त्याच वर्षी रंगछाया बंद पडली. म्हणजे माझ्यातली चालूच होती, पण पुण्याच्या त्या भावांनी धंदा गुंडाळला. नाथाजींनी त्यांना दोन पत्रे पाठवली. दुसरे ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आले. ज्याचे घरच बंद झाले असे काहीतरी मी पोटात घेऊन बसलो होतो.

पुढच्या दिवाळीत नाथाजींनी एकदाचा नवा सेल आणला आणि माझ्या सकाळी सुधारल्या. पण बाकीचे अंग थकत चालले होते. जिच्यावर सगळी चित्रे साठवलेली असतात ती माझी तबकडी कण्हू लागली. दहा-पंधरा मिनिटे चालायची, मग कुर्र आवाज करून थांबायची. गिऱ्हाइके थांबत, चुळबुळत, उठून जात. माझ्या पेटीवर आता माळेऐवजी चहाचे कप ठेवले जात.

१९९९ च्या उन्हाळ्यात दीपमाला कामाला आली. पदार्थविज्ञान घेऊन नुकतीच बी. एस्सी. झालेली मुलगी. तिच्याजवळ एक चौकटीची वही असे आणि ती काय दिसेल ते मोजून त्यात लिही. मी किती मिनिटांनी कण्हतो हेसुद्धा तिने आठवडाभर लिहून काढले.

“काका, हा टाकून नवा घ्या,” ती पहिल्यांदा म्हणाली.

“नव्यावर रंगछाया चालंल?”

ती सांगलीला जाऊन आली. गोमटेशच्या दुकानातल्या नव्या संगणकांवर रंगछाया चालत नव्हती. का, ते त्यालाही सांगता येईना. “मग मला नवा नको,” नाथाजी म्हणाले. “ह्याच्याच पोटात काय बदलायचं ते बदल. मला दुसरं काय येतंय गं?”

तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. मी ते वाक्य ऐकले आणि मला कळेना की ते माझ्याविषयी बोलत आहेत की स्वतःविषयी.

श्रावणात मला चादरीत गुंडाळून एस.टी.ने सांगलीला नेले. खिडकीजवळची जागा मला होती आणि नाथाजी आष्ट्यापर्यंत उभे होते. गोमटेशने त्याच डुगडुगणाऱ्या टेबलावर मला उघडले. आतून पाच वर्षांची हळद निघाली.

“तबकडी शेवटच्या घटका मोजतीया,” गोमटेश म्हणाला. “नव्या तबकडीवर उतरवून घेऊ, पण मधेच बसली तर माझा इलाज न्हाई. जे पायजे ते पयलं सांगा.”

नाथाजी समोरच्या वखारीत चहाला गेले होते. बरोबर आलेल्या दीपमालाने चित्रांची यादी पडद्यावर आणली. नव्वदीतली चारशेच्या वर नावे होती आणि सुरुवातीला अकरा नावे अशी, जी ‘८००१०१’ ने सुरू होत होती. तिने आपल्या चौकटीच्या वहीत पाहिले, मग मान हलवली.

“ऐंशी सालची? हा संगणकच चौऱ्याण्णवचा आहे. ही कुणाची असूच शकत नाहीत. बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी ठेवली असतील. ही सोडा, बाकीची घ्या.”

तिचा तर्क किती नीट होता पाहा. त्यात एकही पायरी चुकलेली नव्हती. मलासुद्धा तो पटला, कारण मी खरोखरच ऐंशी साली नव्हतो. ती सगळी चित्रे उतरली आणि तबकडी कण्हून थांबली. गोमटेशने ती काढून बाजूला ठेवली. नवे डोके बसले, नव्या पट्ट्या बसल्या. माझ्यातून काय गेले ते मला कळले नाही. विसरलेली गोष्ट आपण विसरलो आहोत हे कसे कळणार?

इस्लामपूरला आल्यावर दुसराच घोटाळा झाला. मी आता विजेसारखा चालत होतो, पण रंगछाया उघडली की क्षणात बंद होई आणि ‘भागाकारात चूक’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर ठेवून जाई.  नाथाजींनी ब्रश काढून जुन्या पद्धतीने फोटोंना हाताने रंग द्यायला घेतला, पण रंग रेषेबाहेर जात होता.

दीपमालाने वहीत तक्ता आखला. कोणत्या संगणकावर रंगछाया चालते, कोणत्यावर नाही, प्रत्येकाचा वेग किती. इस्लामपुरात, कराडजवळच्या मलकापुरात, सांगलीत मिळून तिने सात संगणक पाहिले. सावकाश चालणाऱ्या चारांवर रंगछाया चालत होती, वेगवान तिघांवर नाही. आठव्या दिवशी ती म्हणाली, “काका, कळलं. रंगछाया सुरू होताना आधी संगणकाचा वेग मोजते. ठराविक वेळात याला कितीपर्यंत मोजता येतं ते बघते. जुना सावकाश मोजायचा. हा इतका भराभर मोजतो की आकडा तिच्या खणात मावत नाही आणि ती कोलमडते.”

“म्हंजी ह्यो बिघडला न्हाई?”

“नाही. फार चांगला झालाय.”

मग तिने माझ्या मुळाशी असलेल्या निळ्या पडद्यावर जाऊन एक सोय बंद केली. नव्या डोक्याला हाताशी एक छोटी, चपळ स्मृती असते. ती बंद केली की डोक्याला दर वेळी दूर जाऊन आठवावे लागते.

“सांगलीला नेऊन पळायला शिकीवलंस, आता पाय बांधतीस व्हय गं?” नाथाजी म्हणाले.

मी जुन्यापेक्षाही हळू झालो. आणि रंगछाया उघडली. मित्रांनो, मला सुधारले तेव्हा मी निकामी झालो आणि अडखळवले तेव्हा कामाला आलो. यातून काय शिकायचे असते, हे मला ठाऊक नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी पारूबाई पायरीवर बसलेल्या होत्या. एकट्याच. नाथाजींनी त्यांना लगेच ओळखले. मी ओळखले नाही.

“जय भीम पोरी,” दीपमालाच्या टेबलावरचा बाबासाहेबांचा छोटा फोटो पाहून त्या म्हणाल्या.

“जय भीम, आजी. बसा.”

त्या स्टुलावर टेकल्या आणि एकसुरात सांगत गेल्या. गेल्या वर्षी जालिंदर वारले. जाताना त्यांच्या अंगात त्यांचा आवडता काळा कोट घातला. गडबडीत आतला खिसा कोणी तपासला नाही. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा पाकीट सापडेना, आणि ते कोटाबरोबरच गेले हे सगळ्यांना एकदमच कळले. कारखान्याचे ओळखपत्र नोकरी सुटताना जमा झाले होते. याखेरीज आयुष्यात त्यांनी दुसरा फोटो काढलेला नव्हता.

“मला वाटलं, कागद गेला म्हंजी सपलं. तर भावाचा प्रबुद्ध म्हनला, आत्ये, मशीनीत ऱ्हातंय. फुडल्या ऐतवारी वर्षाचं पुण्यानुमोदन हाय. बुद्धाच्या फोटूशेजारी ठेवायला त्यास्नी मागाय आलीया.” मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू का, पोरी? मला त्येंचं त्वांड आटवंना झालंय. आवाज येतुया. त्वांड न्हाई येत.”

नाथाजींनी वही काढली. नाव होते, तारीख होती, १२ सप्टेंबर १९९७. दीपमालाने माझ्यात पाहिले. त्या दिवसाची तीन चित्रे होती. एका लग्नातले, एका बाळाचे, एका पैलवानाचे. जालिंदर नव्हते. मी तळापर्यंत शोधले. माझ्या स्मृतीत त्यांचे काहीच नव्हते, आणि समोर बसलेली ही बाई माझ्याकडे असे पाहत होती जसे मी ते कुठेतरी लपवून ठेवले आहे.

दीपमालाने वही स्वतःकडे ओढली. दोन तास ती एकेक नाव माझ्याशी ताडून पाहत होती. पारूबाईंनी भाकरी सोडली, अर्धी तिच्यापुढे सरकवली. तिचे लक्ष नव्हते.

“काका,” ती अखेर म्हणाली, “वहीत आहेत पण यात नाहीत अशी अकरा कामं आहेत. आणि अकराही त्या त्या दिवसाची पहिली. पहिल्या गिऱ्हाइकाचं तुम्ही वेगळं काय करायचा?”

“वेगळं काय? त्येला थांबवायचो न्हाई.”

“थांबवायचा नाही म्हणजे काय काय राहू द्यायचा?”

“झाडलोट. उदबत्ती.” नाथाजी थांबले. “तारीख. तवा ह्येला सेल नव्हता. रोज सकाळी तारीख इचारायचा.”

“आणि नाही सांगितली तर कोणती धरायचा?”

“एक जानेवारी, ऐंशी साल,” नाथाजी म्हणाले.  दीपमालाचा चेहरा उतरला. तिने आपल्या वहीचे मागचे पान उघडले, जिथे तिने सांगलीला स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘८००१०१ – ११ – निरर्थक’.

“आजी,” ती म्हणाली, “चूक माझी आहे. मी त्यांना सांगलीला सोडून आले.”

पारूबाईंनी तिच्याकडे पाहिले. “मग आनूया की जाऊन,” त्या म्हणाल्या आणि भाकरीचे फडके बांधायला लागल्या.

त्या दिवशी मला पुन्हा चादरीत गुंडाळले. या वेळी खिडकीशी पारूबाई बसल्या आणि मी त्यांच्या पायाशी होतो. एस.टी. खड्ड्यात आदळली की त्या माझ्यावर हात ठेवत.

“तबकडी?” गोमटेशने डोके खाजवले. मग खाली वाकून टेबलाकडे पाहिले. टेबल आता डुगडुगत नव्हते. “टाकली न्हाई, एवढं खरं.”

माझी अर्धी आठवण दोन महिने टेबलाच्या आखूड पायाखाली होती. गोमटेशने ती काढली, पुसली, मला जोडली. वीज दिली. तबकडी फिरेना. आत काहीतरी चिकटून बसले होते. दीपमालाने ती तळहातावर आडवी धरली, आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट एकदा झटकन फिरवले. पुन्हा फिरवले. तिसऱ्यांदा आतून तो कण्हण्याचा आवाज आला. तो ऐकताच मला काय झाले ते सांगता येत नाही. आपलाच आवाज बाहेरून ऐकावा तसे ते होते.

या वेळी तिने ऐंशी सालची चित्रे आधी घेतली. नऊ उतरली. दहाव्याला तबकडी थांबली आणि पुन्हा कधी फिरली नाही.

त्या नवांत जालिंदर आहेत का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नावे नव्हती, नुसते आकडे होते. दीपमालाने रंगछाया उघडली. पहिले चित्र कोणा देसाई घराण्यातले निघाले. दुसरे एका शाळेचे. तिसरे वरून उतरू लागले. मी अडखळत, एकेक ओळ दूर जाऊन आठवून आणत होतो. आधी रिकामे आकाश, मग झाडाची एक फांदी. “आंबा,” गोमटेश म्हणाला.

“ह्यो आंबा न्हवं,” पारूबाई म्हणाल्या. “कडुलिंब हाय.” आणि त्या उभ्या राहिल्या.

डोकी आली. पाच कपाळे, पाच जोडी डोळे. “ह्यो जोतिबा,” त्या बोट न लावता म्हणाल्या. “ह्यो गुंडा. मदला म्हादू, आमचा चुलता. ह्येंची नावं बी कुनी घेत न्हाई आता.” पाच सदरे आले, बटणे आली.

“दीपमाला, वेग वाढीव की जरा,” नाथाजी म्हणाले.

“वाढवला तर बंद पडेल, काका.”

“असू द्या दादा,” पारूबाई म्हणाल्या. “दमानं येऊ द्या. वरीस थांबलीया.”

मग खालच्या रांगेतले केस आले. कपाळ. भुवया. मी माझ्या आयुष्यात इतका हळू कधी चाललो नव्हतो आणि इतके लक्ष देऊन मला कधी कोणी पाहिले नव्हते. नाक आले, डावीकडे जरा वाकडे.  पारूबाईंनी हात पुढे करून पडद्याला लावला. काचेवर स्थिर वीज असते. बारीकसे चट् झाले आणि त्यांनी बोट मागे घेतले.

“आजून बी लाजत्यात,” त्या म्हणाल्या.

रविवारी आटपाडीला तो फोटो हारासह होता असे दीपमालाने येऊन सांगितले. राहिलेल्या दोन गिऱ्हाइकांना नाथाजींनी पत्रे लिहिली, की तुमचा मूळ फोटो असेल तर घेऊन या, नसेल तरी या. अजून उत्तर आलेले नाही. जुनी तबकडी आता माझ्या पेटीवर ठेवलेली आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवायला दीपमाला कोणाला देत नाही.

मला मात्र तो प्रश्न सुटलेला नाही. जालिंदरांचे ते नाक कागदावर नव्हतेच. ते पारूबाईंनी आठवले, नाथाजींच्या हाताने काढले, रंगछायाने साठवले आणि एका टेबलाच्या पायाखाली टिकले. मग पारूबाई विसरल्या तेव्हा ते त्यांना परत मिळाले. मी त्यात नेमका कुठे होतो? थोड्या दिवसांनी दोन हजार साल येईल. सगळ्या संगणकांच्या तारखा चुकतील अशी भीती लोक घालत आहेत. मी चुकलो तर मला फारसे नवल वाटणार नाही.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला कळली आहे, आणि तेवढीच तुमच्याजवळ मागतो. घरातली जुनी वस्तू माळ्यावर टाकताना, भंगारात देताना किंवा तिचे पोट रिकामे करताना तुमचा हिशेब अगदी बरोबर असेल. तरी ज्याने तिच्याबरोबर रोज काम केले, त्या माणसाला एकदा विचारा. ती सकाळी कशी उठायची, तिला काय सांगावे लागायचे, काय सांगायचे राहून जायचे. मला विचारून उपयोग नाही. मी तर शपथेवर सांगितले असते की ऐंशी साली माझ्यात कोणीच नव्हते. आणि पहिल्या गाडीने आलेली अकरा माणसे तिथेच बसून होती.